डिले रजिस्टरची मागची पानं

ते रजिस्टर साहेबाच्या टेबलावर मी ठेवलं.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, पुण्याला असलेल्या मुलीपुढे नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हे वाक्य ओलांडून पुढच्या मागण्यांवर जातो. मिलमध्ये सगळे समजतात की ते फिटरने ठेवलं. ज्याचं त्यात नुकसान झालं, तोही तेच समजतो. मी समजू दिलं. एवढंच असतं तर कदाचित कधीतरी तोंडातून निघालंही असतं. पण रजिस्टर ठेवणं हा या गोष्टीतला दुसरा गुन्हा आहे. पहिला त्याच्या आधीचा आहे, आणि तो झाकायलाच दुसरा करावा लागला.

मी भिलाईचा. वडील तुमसरकडून इथल्या स्टील प्लांटात आले आणि प्लांटातूनच रिटायर झाले. मला प्लांटात नोकरी लागली नाही. मी औद्योगिक क्षेत्रातल्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये लागलो. ज्या पोरांबरोबर क्वार्टरच्या मैदानात खेळलो ती प्लांटात गेली आणि मी बाहेर राहिलो, याची अढी पंचवीस वर्षांत गेली नाही. ती अढी मी घरी, गल्लीत, कामावर, जो समोर येईल त्याच्यावर काढली. माझ्याशी लोक जपून बोलतात. मला ते मान दिल्यासारखं वाटायचं.

आमची मिल सळ्या काढते. तापलेलं बिलेट, म्हणजे लोखंडाचा लांब ठोकळा, एका टोकाने आत जातं आणि एकामागे एक उभ्या असलेल्या रोलांच्या जोड्यांमधून दबत, बारीक होत धावत सुटतं. त्या जोड्यांना आम्ही स्टँड म्हणतो. या सगळ्याच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की एक काचेची केबिन आहे, पल्पिट. तिथे खुर्चीवर एक माणूस बसतो आणि प्रत्येक स्टँडचा वेग सांभाळतो. सकाळी सहा ते दोन तो माणूस मी. दोन वाजता माझा रिलीव्हर यायचा. नियम एकच आणि साधा: येणारा खुर्चीजवळ उभा राहतो, जाणारा त्याला काय चालू आहे ते सांगतो, येणारा म्हणतो 'घेतलं', आणि मगच जाणारा उठतो.

पल्पिटात डिले रजिस्टर असतं. मिल थांबली की किती वाजता थांबली, किती वेळ थांबली, कारण काय, खाली सही. पुढच्या बाजूने ते कंपनीचं. उलटं करून मागून उघडलं की आमचं.

आमचं म्हणजे तिघांचं. मी, माझा रिलीव्हर आणि स्टँडचे रोल बदलणारा रोल फिटर. त्या मागच्या पानांवर आम्ही एका ॲनिमेशनवाल्या मालिकेबद्दल लिहायचो.

हसू येत असेल तर हसा. मिलमध्ये हसतीलच या भीतीने तर ते मागच्या पानावर होतं. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. मुलगी बारावीत असताना तिच्याबरोबर ती मालिका बघायला लागलो, हिंदीत डब केलेली. ती शिकायला बाहेर गेली आणि मालिका माझ्यापाशी राहिली. आटलेल्या समुद्राची गोष्ट होती. पाणी नाही, नुसतं मीठ, आणि त्या मिठावरून नावा दोरांनी ओढत नेतात. एका नावेवर एक म्हातारा नावाडी, एक कान तुटलेला, आणि एक पोरगी, जिला पलीकडे पोचवायचं त्याने कबूल केलं आहे. बस. दर भागात थोडं मीठ मागे पडायचं.

एकदा दोनला रिलीव्हर आला. मी अजून खुर्चीत होतो. तो उभ्या-उभ्या पॅनेलवरच्या धुळीत बोटाने काहीतरी काढत होता. एक डोकं, दाढी, एकच कान.

मी म्हणालो, "दुसरा कान?"

तो न बघता म्हणाला, "तो तर पयल्याच भागात गेला न, भाऊ."

मग त्याने बोट थांबवलं. आम्ही एकमेकांकडे असं पाहिलं, जसं दोघं एकाच वेळी दुसऱ्याच्या बागेत पेरू तोडताना सापडावेत.

रिलीव्हर गोंदियाकडचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, रुआबांध्यात भाड्याने राहायचा. बोलायला कमी. फिटर मूळचा छत्तीसगढी, भिलाईतल्याच कॅम्प एक वस्तीतला, माझ्याच वयाचा, आणि बोलण्यात कुणाला सोडणारा नाही. तो जनरल शिफ्टचा माणूस. साडेबाराला डबा घेऊन पल्पिटात यायचा, कारण आमच्याकडे कूलर होता. एक दिवस त्याने रजिस्टर चाळता-चाळता मागून उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. मी म्हटलं, झालं, आता कॅन्टीनपर्यंत जाईल. तो म्हणाला, "अरे बड़े भैया, आप लोग भी? मेरी छोटी वाली ने तो मुझे जबरदस्ती दिखाया. अब वो नहीं देखती, मैं देखता हूँ." आणि माझ्याच पेन्सिलीने खाली त्याचं मत लिहून गेला.

मोबाईल गेटवर जमा होत, शिफ्टा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. त्यामुळे आमची सगळी चर्चा कागदावर. मी सकाळी लिहायचो, फिटर दुपारी, रिलीव्हर संध्याकाळी. पुढची नोंद पेनाने, मागची पेन्सिलने, हा आमचा नियम. कुणी साहेब आलाच तर खोडरबर फिरवता यावं.

सुरुवातीला गंमत होती. मग मला लक्षात आलं की रिलीव्हर माझ्यापेक्षा चांगलं बघतो.

मी लिहायचो, भाग चांगला होता, शेवट ओढलेला. तो लिहायचा, या भागात पोरगी एकदाही नावाड्याकडे बघत नाही, फक्त त्याच्या सावलीकडे बघते, म्हणून शेवटी ती त्याच्याशी बोलते तेव्हा आपल्याला इतकं लागतं. मी पुन्हा बघितलं की ते खरं निघायचं. फिटर त्याच्या नोंदीखाली लिहायचा 'वाह'. माझ्या नोंदीखाली लिहायचा 'हाँ ठीक है'. दोन ओळींतला हा फरक मी रोज वाचत होतो. मला तो चावायला लागला. त्यालाही मी पेन्सिलनेच चावायला लागलो. तू फार अर्थ काढतोस. तुझं डोकं चित्रवाल्यांपेक्षा जास्त चालतं. गोंदियात काही काम नव्हतं म्हणून इथे आलास, तिथे मालिका लिहायच्या होत्या.

तो उत्तर द्यायचा नाही. पुढच्या भागावर लिहायचा.

दुसरा सीझन संपला तेव्हा खरं बिनसलं. शेवटच्या भागात मिठाला भेग पडते, पोरगी खाली जाते, दोर नावाड्याच्या हातात. तो धरून असतो, धरून असतो, आणि मग सोडतो. अंधार. संपलं.

मी लिहिलं: डरपोक. दोन सीझन आपल्याला फसवलं. असा माणूस शेवटी स्वतःचाच जीव बघतो.

फिटरने लिहिलं: मेरे को तो रोना आ गया, भैया.

रिलीव्हरने संध्याकाळी अर्धं पान लिहिलं. प्रत्येक भागात दोर नावाड्याच्या मनगटाला दोन वेढे दिलेला असतो. या भागात सोडायच्या आधी एकच वेढा दिसतो. म्हणजे एक वेढा त्याने आधीच, विचार करून काढला. हात घसरला नाही. भिऊन सोडणारा वेढा मोजून काढत नाही. काहीतरी कारण आहे, ते आपल्याला अजून दाखवलेलं नाही.

मी लिहिलं: चित्र काढणाऱ्याची चूक. एका सेकंदाला किती चित्रं काढावी लागतात, ठाऊक आहे का? राहिला एक वेढा. तू त्याचं पुराण केलंस.

त्याने लिहिलं: चूक असती तर एका चित्रात असती. एकोणीस चित्रांत आहे. मी थांबवून-थांबवून मोजली.

दोन महिने हे चाललं. शब्द वाढत गेले. मी त्याच्या बायकोपर्यंत गेलो. ती तेव्हा माहेरी होती आणि बरेच दिवस आली नव्हती. मी लिहिलं की ज्याच्या घरातून लोक निघून जातात त्याला सोडणारे सगळे शहाणेच वाटणार. हे मी खरोखर लिहिलं. फिटरने ती ओळ पाहिली आणि खाली लिहिलं: ये गलत बात है. दुसऱ्या दिवशी ती ओळ मी खोडली. पण तोवर सगळ्यांची वाचून झाली होती.

मग तो दिवस आला.

दोनला पाच कमी. सकाळपासून भट्टीतून बिलेट थोडे थंड येत होते. थंड माल असला की जोर लागतो, म्हणून मी पाचव्या स्टँडचा वेग हाताने कमी करून ठेवला होता. भट्टीवाल्याने फोनवर सांगितलं होतं की दोननंतर माल नीट तापलेला येईल. म्हणजे वेग पुन्हा पूर्वीसारखा करायचा. हेच रिलीव्हरला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.

तो आला आणि खुर्चीजवळ उभा राहिला. मी रजिस्टर त्याच्यासमोर आपटलं, मागून उघडून.

"वाचलं का सकाळचं?"

"वाचलं, भाऊ."

"मग?"

"मंग काय? तुमी म्हणता चूक हाये, मी म्हणतो नाही. तिसरा सीझन येईल तवा दिसन."

"तुले सगळं दिसते. एक कान, एक वेढा, सगळं. मले मात्र कायी दिसत नाही, नाही का?"

"मी असं म्हटलं नाही."

"कावून नाही म्हणत? म्हण न. तोंडावर म्हण. लिहून काय राहिला बायकांसारखं?"

तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा तेवढा चढलेला ऐकला, "भाऊ, तुमाले तो नावाडी डरपोक पायजे हाये. तो डरपोक निघाला तर तुमाले बरं वाटन. कावून ते तुमी पाहा."

मी उठलो. तो 'घेतलं' म्हणायच्या आधी. खुर्ची मागे ढकलली, रुमाल उचलला आणि जिना उतरायला लागलो. पाचव्या स्टँडबद्दल एक अक्षर बोललो नाही. विसरलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं असं की जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मला आठवलं होतं. वळून सांगायचं म्हणजे त्याच्याकडे परत बघावं लागलं असतं. मी म्हटलं, बघेल तो. त्याला सगळं दिसतं ना.

मी जिन्याच्या मधोमध असताना पहिलं तापलेलं बिलेट आत गेलं. मागचे स्टँड नेहमीच्या वेगाने आणि पाचवा हळू. मागून धावत आलेल्या सळीला पुढे जागा नाही. ती उसळून बाहेर आली, लाल, हवेत वेटोळं घालत. आमच्याकडे त्याला कॉबल म्हणतात. कॉबल अधूनमधून होतातच, लोक लांब उभे राहतात. पण त्या वेळी फिटर पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये होता. दोननंतरचं रोल बदलणं होतं, त्याचं माप घ्यायला वाकला होता. सळी त्याच्या डाव्या पावलावरून गेली.

ओरडला कोण ते मला आठवत नाही. बूट कापून काढावा लागला. वर काचेत रिलीव्हर उभा होता, दोन्ही हात इमर्जन्सीच्या बटणावर, मिल थांबून गेली तरी हात तिथेच.

फिटरला घेऊन गाडी गेली. मी पुन्हा वर गेलो, कारण सीनियर मी, नोंद मी करायची. पॅनेल बघितलं. पाचव्याचा आकडा मी सोडला होता तिथेच. मी तो हळूच पूर्वीसारखा केला. मग पेन उघडलं आणि कारणाच्या खान्यात लिहिलं: व्होल्टेज डिप, म्हणजे वीज क्षणभर कमी आली. सही केली.

रिलीव्हर कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. मी काय लिहिलं ते त्याने उठून वाचलं. मग माझ्याकडे वळला.

"भाऊ, माया हात उशिरा गेला. मी तुमच्या बोलण्यातच होतो. सळी वाकडी होताना दिसली मले अन हात उचललाच नाही."

मी पेनाला टोपण लावलं.

"तुमी वाचवलं मले," तो म्हणाला. आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला.

मी पाय मागे घेतला. तो समजला, मोठेपणा. मी म्हणालो, "जाऊ दे. कोणापाशी बोलू नको."

इथे मी थांबायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की गड्या, आकडा माझा होता. पाच सेकंद होती माझ्याकडे. मी ती पाणी प्यायला वापरली.

फिटर तीन महिने घरी होता. दोन बोटं गेली आणि चालण्यात एक झोल आला. मी त्याला दोनदा बघायला गेलो. कॅम्प एकमध्ये त्याच्या घरी त्याची बायको मला चहा देऊन म्हणाली, "तुमन तो आथव भैया, बाकी मन तो भुला गे." म्हणजे तुम्ही तरी येता, बाकीचे तर विसरले. मी तो चहा प्यालो. रिलीव्हर तर जवळजवळ रोज जायचा, घरच्यासारखा झाला होता म्हणून तिने त्याला मोजलं नसावं. ते मला नंतर कळलं.

फिटर परत आला, वरचा जिना हळू चढायला लागला, आणि मागची पानं पुन्हा सुरू झाली. आता भांडण नव्हतं. रिलीव्हर माझ्याशी इतक्या आदराने लिहायचा की मला ते पान फाडावंसं वाटायचं. मी काहीही लिहिलं तरी तो 'भाऊंचं बरोबर आहे' म्हणून पुढे जायचा. त्याचं कर्ज झाल्यासारखा वागायचा. माणूस आपल्यापुढे न केलेल्या उपकारासाठी वाकतो, तेव्हा त्याच्याबद्दल दया येत नाही. राग येतो. मला तरी आला.

मग तिसरा सीझन आला. चौथ्या भागात दाखवलं. दोराचं दुसरं टोक पोरीच्या कमरेला बांधलेलं असतं, आणि वरून ओढ बसेल तसा दोर तिला भेगेच्या धारदार काठावर घासत असतो. नावाड्याला वरून दिसत नाही, पण दोराच्या थरथरण्यातून कळतं. तो एक वेढा काढतो, अंदाज घेतो, आणि सोडतो. खाली दोन हातांवर मिठाचा कट्टा असतो, ती त्यावर पडते. जगते. त्याला ते कधीच कळत नाही. तो आयुष्यभर आपण मारलं असं समजत चालत राहतो.

वेढा काढतानाचा हात त्यांनी अगदी जवळून दाखवला. बराच वेळ. जणू माझ्यासाठीच.

फिटरने दुपारी माझ्यासमोर बसून, डब्याचं झाकण न उघडता आधी लिहिलं आणि मग मोठ्याने वाचूनही दाखवलं: "बड़े भैया, चित्र काढने वाला एक चक्कर भूल गया था क्या? अब बोलो." आणि तो खो-खो हसला. "आप तो कुछ बोल ही नहीं रहे. जाओ, गोंदियावाले के पैर छू के आओ."

गंमत होती ती. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खुर्चीत बसलो आणि सवयीने रजिस्टर उलटं केलं. रिलीव्हरने आदल्या संध्याकाळी पूर्ण पान लिहिलं होतं. पेनाने.

ते फिटरला लिहिलेलं होतं. सुरुवात नावाड्यापासूनच होती. त्याने लिहिलं होतं की सगळे आता नावाड्याला चांगला म्हणतील, पण मला तो चालत राहतो तो भाग जास्त पटला. कारण आपल्या हाताने कुणाचं काय झालं ते त्याला नीट माहीतच नाही, आणि विचारायची हिंमत नाही. मग लिहिलं होतं: भैया, त्या दिवशी व्होल्टेज डिप नव्हता. माझा हात उशिरा गेला. मी तुमच्या घरी इतक्यांदा आलो, दर वेळी सांगायला आलो, आणि तुमच्या पायाकडे बघून परत गेलो. तोंडाने जमत नाही म्हणून इथे लिहितो. भाऊंनी मला वाचवायला दुसरं कारण लिहिलं, त्यांना काही म्हणू नका. मी खुर्चीत बसलो तेव्हा वेग किती होते तेसुद्धा मी पाहिलं नाही, एवढं माझं लक्ष नव्हतं. तुम्ही म्हणाल ते करीन.

शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. वेग किती होते ते पाहिलं नाही. लिहिणाऱ्याला त्यात फक्त आपली चूक दिसत होती. पण वाचणारा फिटर होता. तीस वर्षं स्टँडांच्या मध्ये वावरलेला माणूस. त्याने हे वाक्य वाचलं असतं आणि डबा बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला असता: मग वेग लावून कोण गेलं होतं?

साडेबाराला तो येणार होता. माझ्याकडे साडेसहा तास होते.

पान फाडता आलं असतं. पण रिलीव्हरने दोनला विचारलं असतं, भैयाने वाचलं का? आणि पुन्हा लिहिलं असतं, किंवा या वेळी तोंडाने सांगितलं असतं. ते पान फिटरच्या आधी दुसऱ्या कुणाच्या हातात जायला हवं होतं. अशा कुणाच्या, ज्याला प्रश्न विचारायचे नसतात, फक्त फाइल बंद करायची असते.

नऊला इन्चार्ज साहेब राउंडला गेले. मी चहाचं निमित्त काढून दहा मिनिटं मदतनिसाला बसवलं, खाली गेलो आणि त्यांच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं. मागून उघडून, त्याच पानावर, वर पेपरवेट. परत येताना माझी छाती धडधडत नव्हती. हे लिहिताना धडधडते आहे. तेव्हा मला बरं वाटत होतं. वाटलं, चला, एकोणीस चित्रं मोजणाऱ्याला आता मोजू दे.

अकराला मला बोलावलं.

"ये क्या है? कार्टून का रजिस्टर?" साहेब म्हणाले.

मी मान खाली घातली.

"और ये एक्सीडेंट वाला. आपने वोल्टेज डिप क्यों लिखा था?"

"मुझे तब वैसा ही लगा था, सर. लाइट झपकी थी."

"इसने लिखा है आपने बचाया."

"उसका दिल छोटा है, सर. उसको लगा होगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या जबाबाचा कागद सहीला पुढे केला. त्यांना लिहिलेला कबुलीजबाब मिळाला होता. एखाद्या साहेबाला याहून जास्त काय लागतं? मला एक ताकीद मिळाली, कंपनीच्या रजिस्टरचा गैरवापर. फिटरला पण तीच. रिलीव्हरला दोनला गेटवरच थांबवलं.

चौकशी अर्ध्या तासात झाली. त्याने काही नाकारलं नाही. रजिस्टर टेबलावर कुणी ठेवलं ते साहेबांनी विचारलंच नाही; पान फिटरला लिहिलेलं, म्हणून त्यानेच ठेवलं असं सगळ्यांनी धरलं. फिटरला ते साहेबाच्या तोंडून कळलं, तिसऱ्याच माणसासमोर, पेपर वाचून दाखवल्यासारखं. जे त्याच्यासाठी लिहिलेलं होतं, ते त्याने स्वतः कधी वाचलंच नाही. रिलीव्हरला पल्पिटावरून काढून यार्डात टाकलं, सळ्यांच्या मोळ्यांना टॅग बांधायला. कॅन्टीनमध्ये त्याला 'कार्टून' म्हणायला लागले. कुणी त्याच्या पाठीवर खडूने एक कान काढला. दोन महिन्यांत त्याने नोकरी सोडली.

त्याच्या शेवटच्या दिवशी गेटबाहेर तो आणि फिटर समोरासमोर आले. मी माझ्या गाडीला किक मारत होतो, तीन हातांवर.

रिलीव्हर मराठीतच बोलला. फिटरला पंधरा वर्षांत आमची मराठी समजायला लागली होती. "मी तुमाले लिवलं होतं, भैया. सायबाले नाही. तुमाले मले माराचं होतं तर मारलं असतं."

फिटर म्हणाला, "मैंने वो पन्ना देखा ही नहीं."

"मंग टेबलावर कोन नेलं?"

"मेरे को क्या मालूम? पाँव मेरा जला, और चोर भी मैं?" फिटर ओरडला. त्याचे डोळे भरले होते. "तू रोज मेरे घर आता रहा, मेरे बच्चों के हाथ की रोटी खाता रहा, और बोला नहीं!"

रिलीव्हर माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी सांगा याले."

गाडी सुरू झालेली होती. मी म्हणालो, "जाऊ दे रे. झालं ते झालं. चल, मी सोडतो तुले."

आणि मी त्याला माझ्या गाडीवर मागे बसवून रुआबांध्याला सोडलं.  उतरताना म्हणाला, "तुमी होते म्हणून."

या गोष्टीला आता दोनेक वर्षं होत आली. रिलीव्हर भिलाईतल्याच पावर हाउस भागाच्या बाजारात एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करतो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असतो. मी त्या रस्त्याने जात नाही, स्टेशनला जायचं तरी लांबून जातो. त्याची बायको परत आली नाही. फिटर अजून मिलमध्ये आहे. मागची पानं बंद झाली. तो आता खालीच डबा खातो, कूलर नसला तरी.

मागच्या महिन्यात मी खाली उतरलो तर तो पाचव्या स्टँडपाशी उभा होता. म्हणाला, "बड़े भैया, एक बात बताओ. वो जब कुर्सी पे बैठा, पाँच नंबर की स्पीड कितनी थी? किसी ने पूछा था उससे?"

मी म्हणालो, "क्या मालूम."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, माप घेतल्यासारखा. मग म्हणाला, "हाँ. आपको कैसे मालूम होगा," आणि झोल खात निघून गेला.

त्याला कळलं आहे, किंवा कळत आलं आहे. तो माझ्या तोंडून ऐकायची वाट बघतो आहे, आणि रोज मी त्याला साधा नमस्कार करून वर जातो. मला नोकरीची भीती आहे म्हणावं, तर माझी चार वर्षं उरली आहेत. ती भीती खोटी आहे. भीती याची आहे की गोंदियावाला ऐकून घेईल, आणि मला शिवीही देणार नाही.

मी त्या दोघांचं एकच देणं लागतो. फिटरला घेऊन पावर हाउसला त्या दुकानात जायचं, आणि दोघांच्या समोर सांगायचं की वेग मी कमी केला होता, खुर्ची मी सोडली होती, रजिस्टरमध्ये खोटं कारण मी लिहिलं होतं आणि रजिस्टर मी ठेवलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.